खुलासा : सहसंयुज बंध कमकुवत नसतात

‘सहसंयुज बंध कमकुवत असतात, म्हणूनच पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ असा मजकूर विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सहसंयुज बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी सामायिक करून रेणूतल्या अणूंना जोडणारा बंध. उकळताना पाण्याचे रेणू एकमेकांपासून सुटतात. रेणूच्या आतला बंध शाबूत राहतो. वाफ म्हणजेही पाणीच!

एक मोल (म्हणजे सुमारे १८ ग्रॅम) पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात. त्याच पाण्यातले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचे, तर सुमारे ९२६ किलोज्यूल लागतात. एवढी ताकद येते कुठून? दोन्ही अणू अधातूंचे, इलेक्ट्रॉन सोडायला कुणीच राजी नाही. मग इलेक्ट्रॉनांची जोडी सामायिक होते आणि दोन्ही अणुकेंद्रके तिला एकाच वेळी आपल्याकडे ओढून धरतात. हिऱ्याचा कठीणपणासुद्धा अशाच सहसंयुज बंधांचा. परीक्षेच्या तोंडावर तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका.