शरद, शोक आणि बीजिंगमधल्या सुया

वडील गेले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. तेरावे आटोपून मी बीजिंगला नोकरीवर परतले आणि सप्टेंबरच्या मध्यापासून मला रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. कोरडा खोकला, मेलेली भूक आणि छातीवर दिवसभर दडपण. एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांत काही निघाले नाही. अखेर शेजारच्या आजींनी मला चिनी वैद्यकाच्या दवाखान्यात नेले. तेथील वयस्कर ‘दाइफू’ने (बीजिंगमध्ये डॉक्टरांना असेच म्हणतात) दोन्ही मनगटांवर तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोप, शौच, घाम, तहान आणि पाळी यांची चौकशी केली आणि मग हलक्या आवाजात विचारले, “घरातले कोणी गेले आहे का?”

या प्रश्नात चमत्कार नव्हता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथापासून चिनी वैद्यकाने प्रत्येक ऋतूची सांगड एका अवयवाशी आणि एका भावनेशी घातलेली आहे. वसंत हा यकृताचा आणि रागाचा, उन्हाळा हृदयाचा आणि हर्षाचा, उन्हाळा सरतानाचे दमट दिवस प्लीहेचे आणि चिंतेचे, शरद फुप्फुसांचा आणि शोकाचा, तर हिवाळा मूत्रपिंडांचा आणि भीतीचा. त्यांच्या अवयवांच्या घड्याळात पहाटे तीन ते पाच ही वेळही फुप्फुसांचीच आहे. शरदातला कोरडा खोकला आणि पहाटेची जाग पाहून तिने शोकाविषयी विचारणे हे तिच्या शास्त्राला धरूनच होते. या सांगडीला आधुनिक शरीरशास्त्राचा आधार नाही, हे मला मान्य आहे. तरीही खोकल्यासाठी आलेल्या बाईला दुःखाविषयी विचारणे ज्या पद्धतीत मुळातच बसवलेले आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण त्याआधी भेटलेल्या एकाही डॉक्टरने मला तो प्रश्न विचारला नव्हता.

त्याच ग्रंथात असेही म्हटले आहे की रागाने ‘ची’, म्हणजे शरीरात खेळणारी प्राणशक्ती, वर चढते, भीतीने ती खाली उतरते, शोकाने विरते आणि अतिविचाराने तिची गाठ बसते. हे समजून घेताना मला आपली भाषा आठवत राहिली. आपलाही राग मस्तकात जातो, भीतीने हातपाय गळतात, दुःखाने ऊर भरून येतो आणि काळजीने अन्न गोड लागत नाही. मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत नसते हे आपण रोज बोलतो, पण आजारी पडलो की विसरतो.

दहा आठवडे मी दर शनिवारी तिच्याकडे ॲक्युपंक्चरसाठी, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून घ्यायला गेले. टाळूवरचा ‘बाइहुई’, भुवयांमधला ‘यिनथांग’, मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा ‘शेनमेन’ आणि पावलावर अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधला ‘थाइचोंग’ हे माझे नेहमीचे बिंदू. सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाड असते. टोचण्यापेक्षा नंतर येणारा जडपणा, मुंग्या आणि आतला ठणका हाच जाणवतो, आणि तो आल्याशिवाय दाइफूचे समाधान होत नसे. पण सुयांपेक्षा तिने दिनचर्येवर अधिक वेळ घालवला. शरदात लवकर निजावे, कोंबड्याबरोबर उठावे आणि चित्त शांत ठेवावे, आणि हिवाळ्यात लवकर निजून सूर्य वर आल्यावरच उठावे, असा ‘नेइजिंग’चा सल्ला आहे. त्याला अनुसरून तिने मला रात्री दहाला झोपायला, कच्चे व थंड खाणे सोडायला, खडीसाखरेबरोबर वाफवलेले नासपती खायला आणि सकाळी बागेत चालायला सांगितले. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरला घराघरांतले सार्वजनिक हीटिंग सुरू होते. त्या सुमारास माझी पहाटेची जाग थांबली होती. (आपल्या आयुर्वेदातही ऋतुचर्या आहे. ती मला परदेशात जाऊन आठवावी, याचे वाईट वाटले.)

मला बरे कशाने वाटले, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, कारण शोक काळानेही निवतो. संशोधन काय सांगते ते मात्र सांगता येते. इंग्लंडमध्ये नैराश्याच्या ७५५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्यांची लक्षणे तीन महिन्यांनी केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली, परंतु समुपदेशनाची जोड मिळालेल्यांमध्येही जवळजवळ तसाच फायदा दिसला. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या ६४ अभ्यासांवरील २०१८ च्या आढाव्यात खोट्या सुयांच्या (म्हणजे केवळ तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ उपचाराच्या) तुलनेत खऱ्या सुयांचा फरक लहान निघाला आणि पुराव्याचा दर्जाही कमी ठरला. यावरून माझे मत असे बनले आहे की या उपचारातला मोठा वाटा भेटीच्या त्या अर्ध्या तासाचा, नाडीवरच्या बोटांचा, विचारलेल्या प्रश्नांचा आणि ऋतूप्रमाणे आखून दिलेल्या दिवसाचा असावा. असे म्हणण्याने मी त्या विद्येला कमी लेखत नाही, कारण आजारी माणसाला नेमके हेच कोणी देत नाही.

म्हणूनच या विद्येच्या नावाने दिल्या जाणाऱ्या खोट्या आश्वासनांचा मला संताप येतो. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीला एका उपचारकाने सांगितले की सहा बैठकांत नैराश्याच्या गोळ्या सुटतील, आणि तिने त्या एकदम बंद केल्या. पुढच्या तीन आठवड्यांत तिची जी अवस्था झाली ती आमच्या घराने पाहिली आहे. नैराश्याच्या गोळ्या मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात. चिनी वनौषधींबाबतही हीच सावधगिरी हवी. ज्येष्ठमध अनेक चिनी काढ्यांत असतो आणि तो जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढवतो. ‘दांगगुई’ या मुळीने वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला रक्तस्राव होऊ शकतो, आणि ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी केली.

आपल्याकडे ही विद्या येण्यामागे एक जवळचा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी १९५८ मध्ये पुन्हा तिथे जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि ते कोलकात्यात आणले. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि केंद्रानेही २०१९ मध्ये तिला मान्यता दिली आहे. त्यामुळे सुया टोचून घेण्याआधी उपचारकाची नोंदणी पाहावी, सुया एकदाच वापरून टाकायच्या आहेत याची खात्री करावी आणि चालू औषधांची यादी त्याच्यासमोर ठेवावी.

माझ्या मावसबहिणीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. गेल्या दिवाळीपासून ती दर शुक्रवारी दुसऱ्या, नोंदणीकृत ॲक्युपंक्चर उपचारकाकडेही जाते, आणि तिच्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांविषयी माहीत आहे.