बारशाला बाळंतिणीचा ब्लाउज पुढून हुकांचा शिवा

माझ्या लेकीच्या बारशाला आईनं मला मोरपंखी रंगाची साडी घेतली होती. ब्लाउज धाकट्या बहिणीनं हौसेनं शिवून घेतला. प्रिन्सेस कट, पाठीला खोल गळा, मागून सहा हुक, वर नाडी आणि नाडीला दोन मोठे लटकन. माप माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीला लग्नातलं माप होत नाही, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. श्वास रोखून हुक लावले आणि मी पाळण्याजवळ येऊन बसले.

लेक नेमकी तेव्हाच भुकेनं रडायला लागली. तिला घेऊन आतल्या खोलीत पळाले. मावशीनं पदराची पिन काढली, बहीण नाडीची गाठ सोडायला लागली. ती गाठ घामानं आवळून बसलेली. लेक रडून रडून लालबुंद झाली होती, आणि तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला होता. अस्तर भिजलं, अस्तरातून साडी भिजली, मोरपंखी रंगावर काळपट ओला डाग पसरला. बाहेर बायका "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणायला खोळंबल्या होत्या. शेवटचे दोन हुक बहिणीनं ओढून तोडले, तेव्हा कुठे लेकीला दूध मिळालं. त्यानंतर तो ब्लाउज अंगात चढलाच नाही. मावशीच्या ब्लाउजवर साडी नेसून मी लेकीचं नाव ठेवलं.

त्या खोलीत आम्ही पाच बायका होतो. त्यातल्या चौघींनी मुलं अंगावर पाजून वाढवलेली. तरीही ब्लाउज शिवायला टाकताना हुक पुढून ठेवा असं एकीलाही सुचलं नव्हतं. मला याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. पाजणाऱ्या बाईच्या कपड्यांचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, आणि करायचा म्हटला तर तो हजार रुपयांच्या कुर्तीपासूनच सुरू होतो. प्रत्यक्षात तो साठ-सत्तर रुपयांत भागतो.

बारशानंतर मी मोबाईलवर फीडिंग कुर्त्या शोधल्या. आवडलेली प्रत्येक कुर्ती बाराशे-चौदाशेच्या घरात. एकीवर भागत नाही, हे बाळंतीण झालेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बाळ दूध ओकतं, शी-शू करतं, आपल्या अंगावरचं दूध ओसंडतं, दिवसाला दोन जोड लागतात. म्हणजे निदान पाच तरी हव्यात. सहा हजार रुपये! घरात दवाखान्याचं बिल नुकतं भरलेलं, लसी सुरू, डिंक-खारीक-बदामाचा खर्च वेगळा. मी एकच मागवली. आली तेव्हा उलटीपालटी करून बघितली. साधी रेयॉनची कुर्ती, छातीवर दोन उभ्या चेन आणि चेन झाकणारी बोटभर पट्टी. याखेरीज तिच्यात काहीही वेगळं नव्हतं.

ती कुर्ती घेऊन मी आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या काकूंकडे गेले. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश असं सगळं त्या घरीच शिवतात. त्यांनी चष्मा वर करून कुर्ती बघितली, आतली शिलाई बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "यात काय एवढं? तुझ्या जुन्या कुर्त्या घेऊन ये."

मी चार कुर्त्या नेल्या. प्रिन्सेस कटची होती ती सगळ्यात सोपी गेली. तिची उभी शिवण खांद्याकडून छातीवरून खाली येते, म्हणजे जिथे उघडायचं तिथे शिवण आयतीच असते. काकूंनी ब्लेडनं दोन्ही बाजूंची आठ-आठ इंच शिवण उसवली आणि त्या फटीत बाहेरून दिसत नाही ती चेन बसवली. पंधरा मिनिटांचं काम. दुसरीला छातीखाली आडवा जोड होता. तिची तीच आडवी शिवण उसवून चेन आडवी लावली. तिसरी सपाट कापडाची, तिला शिवण नव्हती. कापायला माझा जीव होईना. काकूंनी सरळ कात्री चालवली, चेन लावली आणि वरून काठाची लेस शिवली. आता ती लेस मुद्दाम लावलेली नक्षीच वाटते. चौथी अंगरख्याच्या धर्तीची, एकावर एक पदर येणारी. तिला चेन लागलीच नाही. आतली शिलाई थोडी सोडवून दोन टिचबटणं लावली, झालं.

एका कुर्तीला चेनचे तीस रुपये आणि काकूंची मजुरी चाळीस. चार कुर्त्यांचे मिळून तीनशेच्या आत. आणि त्या माझ्या कुर्त्या होत्या, माझ्या आवडीच्या, लग्नाआधीपासूनच्या. बाळंतपणानंतर पहिल्यांदा आरशात मी मला ओळखीची वाटले.

करून घेणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवते, कारण पहिल्या कुर्तीत माझ्याही चुका झाल्या. चेन प्लॅस्टिकची, मऊ घ्या, धातूची नको. आतल्या बाजूनं सुती पट्टी लावायला सांगा. माझ्या पहिल्या कुर्तीला ती नव्हती, तर लेकीच्या गालावर चेनच्या दातांचे बारीक लाल वळ उठले होते. ते बघून मला फार वाईट वाटलं. रनर वरून खाली ओढला की चेन उघडावी, कारण एका हातात बाळ असतं आणि सगळं दुसऱ्या एकाच हातानं करायचं असतं. चेन आठ इंचांपेक्षा आखूड नको, नाहीतर कापड बाळाच्या नाकावर येतं. कपडा सुती, सैल आणि छापील असावा. बारीक फुलांच्या छापावर दुधाचे डाग दिसत नाहीत, फिक्या एकरंगी कापडावर लांबून दिसतात. आणि छातीला आवळणारं काहीही घालू नका, मग ते कितीही महागाचं असो. घट्ट कपड्यानं दूध एका जागी साकळतं, गाठ होते, ताप भरतो. मी त्यातून गेले आहे. त्या रात्रीची कळ बाळंतकळांइतकीच आठवते.

सिझेरियन झालेल्यांसाठी आणखी एक. टॉप वर करून पाजायचं म्हटलं की पोट आणि पाठ उघडी पडते, आणि टाक्यांच्या जागी वारंसुद्धा नको वाटतं. त्यावर माझ्या नणंदेची युक्ती मला फार आवडली. तिनं जुन्या सुती स्लिपला छातीच्या जागी दोन गोल कापून कडा शिवून घेतल्या आणि ती आत घालून वरून कुठलाही रोजचा टॉप घालायची. वरचा टॉप वर केला तरी पोट-पाठ झाकलेली. खर्च शून्य.

दुधासाठी आत ठेवायच्या पॅडचंही तसंच. आईनं तिच्या जुन्या मऊ सुती साडीचे तळहाताएवढे गोल कापले, चार-चार पदर एकत्र शिवले आणि वीस गोल करून दिले. ओले झाले की लगेच बदलायचे, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायचे. ज्या साडीची दुपटी आणि लंगोट झाले, तिच्याच उरलेल्या कापडात हे झालं.

हे सगळं करताना मला सारखी आजीची चोळी आठवत होती. खणाची चोळी, तो खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून यायचा. पुढे छातीखाली गाठ मारलेली. बाळ रडलं की गाठ सोडायची, पदर ओढायचा, पाजायचं आणि पुन्हा गाठ मारायची. गाठ सैल-घट्ट होते, म्हणजे अंग भरलं-वाळलं तरी तीच चोळी चालते. पाजणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचा कपडा मी बघितलेला नाही. बाजारच्या दिवशी भाजीच्या पाटीमागे बसून आजीनं सहा मुलं पाजली. मग ब्लाउज आले, तेही पुढून हुकांचे होते. मागून हुकांची फॅशन आली आणि नव्या आईच्या अंगावरही तशीच चढली, ते मात्र मला पटत नाही. हौस जरूर करावी. पण मूल अंगावर पितंय तेवढं वर्ष-दोन वर्षं हुक पुढे आणावेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या शाळेच्या मागच्या रानातच पडतात. त्या बाया साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, उसाच्या पाचटानं हात कापू नयेत म्हणून. त्यांच्यातलीच एक जण फडाच्या बांधावर बसून बाळाला पाजताना मी बघितली. शर्टाची वरची चार बटणं सोडलेली, बाळाच्या डोक्यावर पदर, दुसऱ्या हातात भाकरी. पाच-सहा मिनिटांत बाळ झोळीत गेलं आणि तिनं कोयता उचलला. त्या बाईला ना पगारी रजा, ना पाळणाघर. तिच्याकडे होता तो एक पुढून उघडणारा शर्ट. त्या दिवशी घरी येऊन मीही नवऱ्याचे दोन जुने सुती शर्ट माझ्या कपाटात आणून ठेवले. घरात घालायला त्याहून चांगलं काही नाही.

मला 180 दिवसांची रजा मिळाली. खाजगी नोकरीतल्या बायकांनाही 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची रजा कायद्यानं आहे. म्हणजे बाळ साधारण सहा महिन्यांचं होतं आणि आई कामावर येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त ते चालू ठेवावं. मग या सहा महिन्यांनंतरच्या दीड वर्षात आई काय घालून घराबाहेर पडते? घरात गाऊन असतो. दोन चेनचा गाऊन तर कुठल्याही बाजारात तीनशे-साडेतीनशेला मिळतो आणि तो उत्तमच आहे. पण गाऊन घालून बँकेत, दवाखान्यात, लग्नाला, कामावर जाता येत नाही. मग बाई एकतर घरातून निघतच नाही, नाहीतर बाटली घेऊन निघते. माझ्या दोन मैत्रिणींचं पाजणं असंच सुटलं. दूध कमी पडत नव्हतं. बाहेर पाजता येईल असा कपडा नव्हता, म्हणून बाहेर पावडरचं दूध सुरू झालं आणि मग तेच घरातही आलं.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. फार चांगली सोय आहे आणि नावही किती नेमकं! तान्ह्या लेकरासाठी अंधारात रायगडाचा कडा उतरलेल्या त्या गवळणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पण खोली स्टँडवर असते आणि बाळाला भूक खंबाटकी घाटात लागते. पुण्याहून येताना माझ्या लेकीनं असाच आकांत मांडला होता. शेजारी एक आजोबा, मागे कॉलेजची मुलं, गाडी वळणावर. मी रनर खाली ओढला, लेकीला जवळ घेतलं, ती शांत झाली. आजोबांनी त्यांचा पेपर उलगडून खिडकीवर धरला, लेकीच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

चेन मी लपण्यासाठी लावून घेतली नव्हती. बाळ रडल्यापासून दहा सेकंदांत त्याच्या तोंडात दूध जावं, एवढ्यासाठी ती आहे. ज्यांना वरून ओढणी घ्यावीशी वाटते त्यांनी जरूर घ्यावी, पण ते आईनं ठरवावं. मे महिन्यात चाळीस अंशांत बाळाचं तोंड जाड कापडाखाली झाकायला लावणाऱ्यांनी एकदा स्वतः डोक्यावर चादर घेऊन जेवून बघावं.

माझी एकच विनंती आहे. बाळंतविडा घेऊन जाता ना, त्यात झबली-टोपडी असतातच. एका वेळी दहा-दहा झबली येतात आणि दोन महिन्यांत सगळी लहान होतात. त्यातली दोन कमी करा आणि आईसाठी एक पुढून उघडणारी सुती कुर्ती न्या. नवी नको, तिचीच एखादी जुनी मागून घ्या आणि चेन लावून परत द्या. डोहाळजेवणाच्या ओटीत ब्लाउजपीस देता, त्याबरोबर शिलाईचे पैसे द्या आणि सैल, पुढून हुकांचा शिवायला सांगा. आणि तुम्ही शिवणकाम करत असाल तर दारावरच्या पाटीवर "फीडिंगसाठी चेन लावून मिळेल" एवढी ओळ लिहा. आमच्या काकूंनी लिहिली. आता त्यांच्याकडे आजूबाजूच्या वाड्यांवरूनही पिशव्या येतात.

माझ्या चारही कुर्त्या पुढे जावेनं वापरल्या. लेस लावलेलीचा रनर तुटला होता, काकूंनी दहा रुपयांत बदलून दिला. आता त्या बहिणीकडे जाणार आहेत. तिला सातवा महिना आहे, परवाच डोहाळजेवण झालं. काल तिच्या बारशाच्या साडीचा ब्लाउजपीस घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी वहीत तिचं नाव लिहिलं आणि माप विचारलं. मी म्हटलं, माप बाळंतपण झाल्यावर देते, पण हुक पुढून घ्या आणि शिलाईत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया ठेवा. नाडीचं काय, त्यांनी विचारलं. नाडी बहिणीला हवीच आहे. मग पाठीवर नुसती शोभेची लावू, खालून शिवून टाकू, काकू म्हणाल्या, आणि लटकनसाठी रंग बघायला त्यांनी डबा उघडला.