‘शारदा’ बसवताना दीक्षिताला कात्री लावू नका

‘संगीत शारदा’ बसवायला घेतलेल्या हौशी मंडळींसाठी थोडं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, त्यामुळे आपण सांगलीकर हे नाटक घरचंच समजतो आणि तिथंच घोटाळा होतो.

पाच अंकी नाटक अडीच तासांत बसवायचं, पदं कापायला जीव होत नाही, मग गद्य उडतं. आणि पैसे घेऊन पोर म्हाताऱ्याला देण्याचा सौदा सगळा गद्यात आहे! तो गेला की उरतं १८९९ सालचं जरठ-कुमारी लग्न. प्रेक्षक ‘आता असं कुठं राहिलंय?’ म्हणत निवांत चहाला जातो.

म्हातारा भुजंगनाथ गिऱ्हाईक, कांचनभट पोटची पोर शारदा विकणारा. मधला भद्रेश्वर दीक्षित कुणाचाच नाही, त्याचं लक्ष दलालीवर. नाटकाचा खरा डंख याच्यात आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच विनोदी भटजी होतो. भुवया उडवणं, पोट हलवणं बंद करा. पैशाचं बोलणं आवाज खाली आणून, भाजीचा भाव ठरवावा तितक्या सहज व्हावं. शारदेची आई इंदिराकाकू तेव्हा विंगेत नकोत. मागे, दाराशी उभ्या करा. आईच्या कानावर शब्द पडतायत हे दिसलं की प्रेक्षागृहातला हशा आपोआप आटतो.

भुजंगनाथाला कंबरेत वाकवून खोकायला लावू नका. तो तरुण दिसायची धडपड करतोय. चाल ताठ, दोन पायऱ्या चढल्यावर दम लागलेला आणि तो लपवणं, एवढं बास.

‘म्हातारा इतुका न’ या पदाला टाळ्या पडणारच. वन्समोअर घेऊ नका. मैत्रिणी चिडवत असताना शारदा बहुतेक वेळा अंधारात उभी असते, प्रकाशवाल्याला आधीच सांगून ठेवा. शारदेचं ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद दहा मिनिटं आळवलं की भीती जाते, मैफल उरते. चार मिनिटं पुरेत. ऑर्गनवाल्यानंही आधीच सूर भरून ठेवू नये, वाक्य संपता संपता पट्टी द्यावी.

आता लग्नाचा प्रवेश. लग्न मोडतं ते सगोत्राच्या आक्षेपावर. पोरीच्या रडण्यानं तिथं कुणाचंच काही अडलेलं नसतं. देवलांनी समाजाला मारलेली ही सगळ्यात जबर चपराक, आणि आपण ती दोन मिनिटांत उरकतो, कारण पुढे शारदेचं तरुण कोदंडाशी लग्न होऊन गोड व्हायचं असतं. वेळ कमी पडत असेल तर ते गोड आखडतं घ्या.