बारशात हसलेल्या नातेवाइकांना

आज कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या चुलत घरचे बारसे होते. बाळाच्या वडिलांना सख्खी बहीण नाही, म्हणून आत्याचा मान माझ्या आक्काला मिळाला. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाले, आक्का बाळाच्या कानाशी वाकली आणि तशीच थांबली. सकाळी ठरलेले नाव तिला आठवेना. बायकांत हशा पिकला. ‘आक्का, आत्तापासनंच म्हातारी झालीस व्हय गं?’ असे कुणीतरी मोठ्याने विचारले. आक्काला रात्री झोप लागत नाही, त्यावर पुढे पंगतीत एका काकांनी शहाणपण शिकवले की, दिवसभर अंग मोडून काम केले की रात्री आपोआप झोप येते, झोप न येणे हे रिकामटेकड्यांचे दुखणे आहे. कार्य होते म्हणून मी तेथे गप्प बसले. येथे बसणार नाही.

ही तीच आक्का आहे, जी पतसंस्थेत रोखपाल म्हणून बसू लागली तेव्हापासून खातेदार दारातून आत येताना पाहूनच त्याचा खाते क्रमांक सांगत असे. कोणाच्या लग्नात कोणी काय आहेर केला, हे तिला कधी वहीत पाहावे लागले नाही. दाजींची बायपास झाली तेव्हा रुग्णालयातल्या सगळ्या रात्री तिने जागून काढल्या. दाजी ठणठणीत बरे झाले, रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात. आक्काची झोप मात्र तेव्हा गेली ती गेलीच. काका, ती अजूनही दिवसभर काउंटरवर उभी असते आणि घरी येऊन दोन वेळचा स्वयंपाक करते. शरीर थकते, पण मेंदू पहारा सोडत नाही, हाच तर या आजाराचा गाभा आहे. आठवड्यातून किमान ३ रात्री, सलग ३ महिने किंवा अधिक काळ, निवांत अंथरूण मिळूनही झोप लागत नसेल, मोडत असेल किंवा पहाटेच उडत असेल, आणि त्यामुळे दिवस बिघडत असेल, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. आळशीपणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

आता ते विसरलेले नाव. दिवसभरात आपण जे ऐकतो ते आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरते नोंदले जाते आणि गाढ झोपेत त्याची उजळणी होऊन ते मेंदूच्या बाहेरच्या थरात कायमचे रुजते. झोपेमुळे आठवण टिकते, हे कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते. पण आक्काचे आज झाले ते त्याच्याही आधीचे आहे. रात्रभर छताकडे पाहणाऱ्या माणसाचे लक्ष दुसऱ्या दिवशी जागेवर राहत नाही, त्यामुळे कानावर पडलेली गोष्ट धड नोंदलीच जात नाही. नोंदलेच नाही ते आठवणार कोठून? प्रत्येक जागणाऱ्या माणसाला पुढे विस्मरणाचा रोग होतो असे मी म्हणत नाही, तसे होत नाही. म्हणूनच तिला म्हातारी ठरवणाऱ्यांचा मला अधिक राग येतो. हल्ली ती नोटांची गड्डी तीन-तीनदा मोजते, कारण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, आणि त्यात आपल्या हसण्याचा वाटा आहे.

मनाचे काय होते तेही सांगते. अपुऱ्या झोपेने मेंदूतले भीती आणि रागाचे केंद्र अधिक भडकते आणि त्याला आवरणारा पुढचा भाग ढिला पडतो. कधी आवाज न चढवणारी आक्का भाजीत मीठ कमी पडले म्हणून रडते, तेव्हा घरात ‘हिचा स्वभाव बिघडला’ अशी कुजबुज होते. नैराश्यामुळे झोप जाते हे सर्वांना ठाऊक आहे. दीर्घकाळ झोप नसली तर नैराश्याचा धोकाही वाढतो, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. संध्याकाळ झाली की तिला अंथरुणाचीच धास्ती वाटू लागते, हे तिने एकदा माझा हात धरून सांगितले. तिचा तो चेहरा आज हसणाऱ्यांनी पाहिला असता तर बरे झाले असते.

आणि त्या झोपेसाठीच्या गोळ्या! शेजारच्या एका बाईंनी ‘माझ्या उरल्यात, घे’ म्हणून आक्काला अल्प्राझोलामची पट्टी दिली, आणि नंतर कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून तिला ती चिठ्ठीशिवाय मिळत राहिली. हे औषध शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि विकल्याची वेगळी नोंद ठेवून ती ३ वर्षे जपावी लागते. त्याची सवय लागते, आणि त्याने स्मरणशक्तीही मंदावते. म्हणजे विसराळूपणाला हसणारे आपण आणि तो वाढवणारी गोळी पुरवणारेही आपणच. डॉक्टरांनी थोड्या काळापुरती दिली तर तिचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. जे कोणी ती घेत असतील त्यांनी ही पोस्ट वाचून एकदम बंद करू नये, त्याने झोप आणखी उडते आणि कधी झटकेही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. जायफळ घातलेल्या दुधाबद्दल माझी तक्रार नाही, पण ते पाजले म्हणजे उपचार झाला असे समजू नका.

खरा उपचार सीबीटी-आय नावाचा आहे, म्हणजे गोळ्यांऐवजी झोपण्या-उठण्याच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारा. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर आधी हाच करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच केली. उद्यमनगरात आणि शिरोलीत रात्रपाळी करणाऱ्यांना त्याचे वेळापत्रक पाळणे सोपे नाही, हेही खरे. पण आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो, आणि ‘वेड लागलं काय’ या एका प्रश्नाच्या भीतीने माणसे दोन्हीकडे फिरकत नाहीत.

आक्काचा हा उपचार आता सुरू झाला आहे. जेवढी झोप खरोखर लागते, साधारण तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा, झोप येईना तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचे. पहिले काही आठवडे यात अधिकच थकायला होते, आणि ती सध्या त्यातूनच जाते आहे. तेव्हा तिच्या घरी जाणाऱ्यांनी दुपारी ‘जरा आडवी हो’ असा आग्रह करू नये, तिला मनाई आहे. ‘काल किती वाजता झोप लागली?’ हेही रोज विचारू नये, कारण घड्याळाकडे पाहणेच तिला सोडायचे आहे. रात्री ती दिवा लावून बैठकीत बसलेली दिसली तर दाजींना फोन करू नका, त्यांना ठाऊक आहे. आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे वास्तुशांत आहे, तेथे तिला कोणाचे नाव आठवले नाही तर कृपा करून आपले नाव आपणच सांगा.