सत्काराची शाल आणि शुल्काची पावती

गेल्या रविवारी आमच्या गावात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. दहावी-बारावीच्या चाळीसएक मुलामुलींना शाल, गुलाबाचे फूल, प्रशस्तिपत्र आणि सन्मानचिन्ह देण्यात आले, पालकांसह छायाचित्रे निघाली आणि अल्पोपाहारानंतर सगळे समाधानाने घरी गेले. या कार्यक्रमाविषयी मला मनापासून आदर आहे. ज्या घरातून आजवर कोणी व्यासपीठाची पायरी चढले नाही, त्या घरातील आईला आपल्या लेकीचे नाव ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी पहिल्या रांगेत बसून पाहिले आहे. ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु निवृत्त शिक्षक म्हणून आणि एका सेवाभावी क्लबच्या शिष्यवृत्ती निवड समितीवर बरीच वर्षे बसलेला सभासद म्हणून मला आता स्पष्टपणे लिहावेसे वाटते की, सत्कार आणि शिष्यवृत्ती ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच दिवशी, एकाच निकषावर उरकण्याच्या आपल्या सवयीमुळे शिष्यवृत्तीचा मूळ हेतूच हरवतो आहे.

याचे एक कारण क्लबच्या दिनदर्शिकेत आहे. रोटरी असो की लायन्स, क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. दहावी-बारावीचे निकाल लागतात ते मावळत्या अध्यक्षांच्या शेवटच्या आठवड्यांत, जेव्हा मागचे हिशेब पूर्ण करण्याची घाई असते. अकरावी, पदविका, आयटीआय यांच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते, तेव्हा नव्या कार्यकारिणीच्या पदग्रहण सोहळ्याची तयारी चाललेली असते. मग नवे अध्यक्ष येतात, प्रकल्प ठरतात, देणगीदारांशी बोलणी होतात, अर्ज मागवले जातात, उत्पन्नाचा दाखला आणि बोनाफाइड तपासले जाते, प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळते, आणि धनादेश मुलाच्या हातात पडतो तो ऑगस्टच्या अखेरीस, कधी सप्टेंबरातही. यात कोणाचीही अनास्था नसते. प्रत्येक सभासद आपला धंदा-व्यवसाय सांभाळून, पदरचे पैसे घालून राबत असतो. पण शुल्क भरण्याची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मुलीला जिल्ह्याच्या गावी पदविका अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाची अनामत रक्कम आणि पहिला हप्ता एवढ्यावरच सगळे अडले होते. आमची शिष्यवृत्ती तिला मंजूर झाली, मात्र ती कार्यक्रमातच द्यायची असे ठरलेले असल्याने आम्ही दीड महिना थांबलो. कार्यक्रमाच्या दिवशी ती आली, तेव्हा तिने ती जागा सोडून गावातल्याच महाविद्यालयात दुसऱ्या शाखेला नाव घातले होते. टाळ्यांच्या गजरात तिच्या वडिलांनी धनादेश घेतला आणि आम्हाला हात जोडले. त्या समितीत मीही होतो आणि दीड महिना थांबण्याच्या निर्णयाला मी हरकत घेतली नव्हती. ती खंत आजही माझ्यासोबत आहे, आणि हे लिहिण्यामागे तीच आहे.

दुसरा प्रश्न निकषाचा आहे. सत्कारासाठी गुणांची टक्केवारी पुरेशी आहे, कारण सत्कार हा झालेल्या कामाचा गौरव असतो. शिष्यवृत्ती मात्र पुढच्या वाटेसाठी असते. शिकवणीची सोय असलेल्या घरातील ९५ टक्के आणि पहाटे वर्तमानपत्रे टाकून शाळेत येणाऱ्या मुलाचे ७४ टक्के यांना एकाच यादीत वरखाली लावले, तर ज्याला पैशांची गरज नाही त्याच्याकडे पैसे जातात आणि ज्याचे शिक्षण खरोखर थांबणार आहे तो यादीच्या रेषेखाली राहतो. सरकारच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत, म्हणजे आपण शिक्षक जिला एनएमएमएस म्हणतो तिच्यात, गुणवत्ता आणि गरज यांची सांगड घातलेली आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते, आठवीत परीक्षा होते, आणि निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत, अटी पाळल्यास, दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सरकारसारखी दूरची यंत्रणा एका मुलाला चार वर्षांचा शब्द देते आणि त्याच्या गल्लीत राहणारे आपण एका वर्षाचाच देतो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

दीर्घ काळ साथ देण्याची रीत सेवाभावी क्लबांना परकी आहे असेही नाही. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस १९४७ मध्ये गेले आणि त्याच वर्षी रोटरी फाउंडेशनने पदवीधरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्यास सुरुवात केली. पहिल्या तुकडीत १८ जण होते. आज रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात १५ ते १९ वर्षांची मुले दुसऱ्या देशात जाऊन तेथील कुटुंबांत राहतात आणि शाळेत जातात, तेव्हा यजमान क्लब प्रत्येक मुलासाठी एक समुपदेशक नेमतो. हा समुपदेशक मूल ज्या घरात राहते त्या घरातला नसावा, असा नियम आहे, कारण घराविषयी काही सांगायचे असेल तर मुलाला घराबाहेरचे माणूस हवे. किती विचारपूर्वक केलेली ही व्यवस्था आहे! परदेशातून आलेल्या पाहुण्या मुलासाठी आपण जी काळजी घेतो, तीच तालुक्यातल्या वाडीवरून शहरात गेलेल्या मुलीसाठी का घेऊ नये? तिलाही नवे गाव तितकेच परके असते.

आपल्याकडे तर याची परंपराच आहे. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. त्या पद्धतीला जातीच्या मर्यादा होत्या आणि त्यात मुलांच्या वाट्याला अपमानही येत असे, हे विसरता येणार नाही. तरीही जेवू घालणाऱ्या घराला मुलगा दर आठवड्याला दिसत होता, त्याची तब्येत आणि अभ्यास कळत होता. पुढे १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणून स्वतःच्या श्रमावर शिकण्याची वाट घालून दिली, आणि १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीची स्थापना केली. या सर्वांनी मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंतची जबाबदारी आपली मानली.

म्हणून आमच्या क्लबच्या कार्यकारिणीपुढे मी एक लेखी प्रस्ताव ठेवला आहे. शिष्यवृत्तीचा निधी अध्यक्षांच्या वर्षाशी न बांधता वेगळ्या खात्यात ठेवावा आणि मावळत्या व येणाऱ्या अशा दोन्ही अध्यक्षांच्या संमतीने एप्रिलमध्येच तो मंजूर व्हावा. अर्ज निकालाची वाट न पाहता शाळांमार्फत मार्चमध्ये घ्यावेत, कारण कोणत्या मुलाचे शिक्षण थांबणार आहे हे वर्गशिक्षकाला निकालाआधीच ठाऊक असते. रक्कम शक्यतो थेट संस्थेच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर, शेवटच्या तारखेच्या आत भरावी. मुलांची संख्या कमी झाली तरी चालेल, पण निवडलेल्या मुलाला अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंतचा शब्द द्यावा, आणि प्रत्येक मुलामागे एक सभासद असावा, जो महिन्यातून एकदा फोन करील आणि सहामाहीतून एकदा भेटून येईल. दहाऐवजी चारच मुले घेतली तर अहवालात आकडा लहान दिसेल, हे मला मान्य आहे.

सत्काराबद्दलही एक विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या मुलांना व्यासपीठावर बोलावून त्यांच्या घरच्या परिस्थितीचे वर्णन ध्वनिक्षेपकावरून करणे आपण थांबवावे. निवेदकाचा हेतू चांगला असतो, त्यामुळे देणगीदारही हेलावतात, पण सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या वडिलांचे व्यसन किंवा आईची धुणीभांडी भरसभेत ऐकावी लागतात, आणि समोर तिचे वर्गमित्र बसलेले असतात. तिचा गौरव करायचा असेल तर तिने केलेल्या कामाचा करावा. रोटरीच्या ‘रायला’ या युवा नेतृत्व शिबिरात आपण मुलांचे नेतृत्व पाहतो, ‘इंटरॅक्ट’ या रोटरीच्याच शालेय वयाच्या मुलांच्या क्लबात त्यांनी केलेले उपक्रम पाहतो, तसे वर्षभर जे दिसते त्याचा सन्मान व्हावा. वस्तीतल्या लहान मुलांचा अभ्यास घेणारा मुलगा किंवा आजारी आजीचे सगळे करून परीक्षेला बसलेली मुलगी टक्क्यांच्या यादीत कधीच वर येत नाही. त्यांची नावे शिक्षकांकडून मागवता येतील, मात्र व्यासपीठावर काय सांगायचे हे आधी त्या मुलांनाच विचारावे.

प्रस्तावावर येत्या बैठकीत चर्चा होणार आहे आणि आपल्या क्लबमध्ये याहून चांगली पद्धत असेल तर ती मला अवश्य कळवावी. तोपर्यंत एक तातडीचे काम आहे. दोन मुलांच्या वसतिगृहाचे पैसे भरण्याची मुदत पुढच्या सोमवारी संपते. दोघांचीही कागदपत्रे मी स्वतः पाहिली आहेत. ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मी वसतिगृहाचा खाते क्रमांक देईन आणि भरल्याची पावती त्यांच्याकडे पोहोचवीन. मुलांची नावे मात्र कोणी विचारू नयेत.