शंभरच्या आत

मी मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे येरवड्याला जातो. हे वाक्य पुण्यात कुणालाही सांगून बघा. ऐकणारा क्षणभर थांबतो, मग आवाज खाली आणून विचारतो, "कोण असतं तिथे?" तुरुंग आणि मनोरुग्णालय सोडून येरवड्यात तिसरं काही असू शकतं, हे पुणेकराच्या डोक्यातच येत नाही. "गोल्फ खेळायला जातो," असा खुलासा केला, की समोरच्याचा चेहरा निवळतो. दोन संस्थांपैकी नेमकी कोणती, हे त्याला कळलेलं असतं.

ह्या सगळ्याला कारण आमचे व्याही. ते फौजेतून निवृत्त झाले आणि मी बँकेतून. माझ्या चौतीस वर्षांपैकी शेवटची बारा तपासणी खात्यात गेली. लेकीच्या लग्नानंतर विहिणी-विहिणींचं लोणच्याच्या बरण्यांवरून चांगलं जमलं. आम्ही दोघं मात्र समोरासमोर बसून "बाकी काय?" एवढंच विचारत राहायचो. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "चला, तुम्हाला गोल्फ दाखवतो."

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला ठोका मारतात त्या जागी, उभं राहून मी म्हणालो, "चेंडू तर जागचा हलतही नाही. मग अवघड काय आहे ह्यात?" व्याही काही बोलले नाहीत. शत्रूला आधी पुढे येऊ द्यायचं, हे फौजेत शिकवत असावेत. मी सगळा जोर लावून काठी फिरवली. चेंडूखालची लाकडी खुंटी, तिलाही टीच म्हणतात, उडून दहा फुटांवर पडली आणि चेंडू, मी म्हटल्याप्रमाणे, जागचा हलला नाही.

त्या दिवशी माझे १२७ ठोके झाले. पार ७० किंवा ७२ अशी असते, म्हणजे चांगल्या खेळाडूनं तेवढ्यात अठरा होल संपवावेत. क्रिकेटमध्ये शतक ठोकायला लोकांचं आयुष्य जातं. मी ते पहिल्याच दिवशी, पंधराव्या होलवर, अजिबात न ठरवता ठोकलं. घरी आईला सांगितलं. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि टीव्हीवरचा एकही सामना सोडत नाही. ती म्हणाली, "एकशे सत्तावीस? आणि नाबाद?" मी समजावायला गेलो की ह्या खेळात कमी केलेले चांगले. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू लहानपणीही हरलास की असंच काहीतरी सांगायचास."

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी बांधणीची खतावणी आणली. जे मोजता येतं ते सुधारता येतं, ह्यावर तपासणी खात्यातल्या माणसाची श्रद्धा असते. रकाने आखले: तारीख, एकूण ठोके, पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू होलकडे ढकलायचा तो ठोका), हरवलेले चेंडू, शेरा.

हरवलेल्या चेंडूंचा रकाना सगळ्यांत आधी भरला. बँकेत कर्ज अनुत्पादक ठरायला नव्वद दिवस थकावं लागतं. गोल्फमध्ये चेंडू शोधायला तीन मिनिटं देतात. पूर्वी पाच द्यायचे, २०१९ पासून तीन केली. तीन मिनिटांत सापडला नाही, तर तो चेंडू बुडीत, वर एक दंडाचा ठोका, आणि जिथून मारला होता तिथे परत चालत जायचं. म्हणजे कर्ज बुडालं की मॅनेजरनं स्वतःच्या खिशातून दंड भरायचा आणि नवं कर्ज द्यायला त्याच कर्जदाराच्या दारी जायचं.

पण खतावणीत सगळ्यांत भरभराट झाली ती शेऱ्याच्या रकान्याची. वीस फेऱ्या झाल्यावर मी रीतसर गोषवारा काढला. माझे ठोके बिघडण्याची कारणं अशी: टिटवी ओरडली, चौतीस वेळा. लोहगावहून सुखोई उडालं, एकवीस वेळा. व्याही खोकले, अठरा वेळा. सूर्य समोर, बारा. सूर्य मागे असल्यामुळे स्वतःचीच सावली चेंडूवर, तेरा. माझी चूक, शून्य. चौतीस वर्षांत इतकी स्वच्छ खाती मी एकाही शाखेत पाहिली नव्हती. कुठल्या मॅनेजरनं अशी वही पुढे केली असती, तर मी त्याच संध्याकाळी तिजोरी सील केली असती.

वीस फेऱ्यांना एक अर्थ आहे. खेळाडूची पातळी सांगणारा हँडिकॅप नावाचा आकडा काढायला शेवटच्या वीस फेऱ्या घेतात आणि त्यांतल्या फक्त सर्वोत्तम आठांची सरासरी धरतात. २०२० पासून जगभर हीच पद्धत आहे. दहावीला बेस्ट फाइव्ह आलं, तेव्हा सहापैकी एकच विषय सोडायला मिळाला म्हणून आपल्याकडे केवढा आनंद झाला होता! इथे वीसपैकी बारा नापास विषय सोडून देतात. शिवाय वर्षभरात तुम्ही कितीही घसरलात, तरी तुमच्या नीचांकाच्या वर पाचापेक्षा जास्त आकडा चढू देत नाहीत. इतकं मायाळू गणित मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ह्या सवलतीनंतरही माझा हँडिकॅप ३८.६ आला, हा भाग वेगळा.

"वाढला की कमी झाला?" बायकोनं विचारलं.

"साखरेसारखं समज. कमी तेवढं चांगलं."

"मग साखरच लिहा की वहीत. तपासून चार महिने झालेत."

हिचं एक बरं आहे, गोल्फ कळत नसतानाही ती नेमका माझ्या मर्मावर पट घालते.

पुढची पायरी अभ्यासाची. कोलंबिया विद्यापीठात मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या एकेका ठोक्याचा हिशोब मांडून दाखवलं, की खेळाडू-खेळाडूंतला बराचसा फरक पटमुळे पडत नाही, शंभर यार्डांच्या पलीकडून मारलेल्या ठोक्यांमुळे पडतो. प्रत्येक ठोक्यानं किती कमावलं, किती गमावलं, ह्याचा जमाखर्चच आहे तो. मी हरखलो. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी माझ्यासारखा माणूस होता. रात्री जागून माझी वही त्या पद्धतीनं तपासली. शंभर यार्डांच्या पलीकडून मी बरंच गमावत होतो, हे त्यांच्याशी जुळलं. पण मी अलीकडूनही तेवढंच गमावत होतो. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, गमावत होतो. ग्रीनवर तर दिवाळं होतं.

म्हणून घरी पटचा सराव सुरू केला. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. मी फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरातली भांडी मोजत असताना ही आली आणि काही न बोलता परत गेली. आमटीची मोठी वाटी बरोबर बसली. ती हॉलमध्ये आडवी ठेवून आठ फुटांवरून मारायला लागलो. पीजीए टूर ह्या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले दिग्गजसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, हे वाचून धीर आला होता. शंभरपैकी माझे एकाहत्तर गेले! मी टायगर वूड्सला निरोप पाठवण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात लक्षात आलं की आमच्या हॉलच्या फरशीला मधोमध उतार आहे आणि इथून काहीही सोडलं तरी ते त्या वाटीकडेच जातं. बिल्डरशी त्या उतारावरून मी चार वर्षं भांडलो होतो.

स्विंगचा सराव पार्किंगमध्ये, छत्रीनं. पहिल्याच दिवशी वॉचमन काठी घेऊन धावत आला. "काका, कुठाय? नाग आहे का?" तेव्हापासून तोही बंद.

शेवटी उपाय सांगितला तो आमच्या कॅडीमामांनी. मामा चाळीस वर्षं लोकांच्या पिशव्या उचलतायत आणि तेवढीच वर्षं लोकांची कारणं ऐकतायत. मी एकदा वही उघडून त्यांना गोषवारा वाचून दाखवला. टिटवीच्या आकड्याला त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "साहेब, चेंडू कुठं पळून जात नाही. तुम्हीच त्याच्याआधी निघता."

"म्हणजे?"

"मारायच्या आधीच डोकं वर करून बघता, कुठं गेला म्हणून. तो तर अजून गेलेलाच नसतो."

मी अर्थातच आकडेवारी मागितली. मामांनी वाटेवरचे खडे उचलून डाव्या खिशात भरले. मी डोकं वर केलं, की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. ना वही, ना रकाने. अठरा होल संपल्यावर त्यांनी उजवा खिसा बाकावर रिकामा केला. त्रेपन्न खडे. टिटवी त्या दिवशी दोनदाच ओरडली होती.

पुढचे पाच महिने मी मामांच्या खिशाकडे कान लावून खेळलो. खडा पडल्याचा टक् असा आवाज आला, की पोटात कालवाकालव व्हायची. त्रेपन्नाचे चाळीस झाले, मग एकतीस. ठोके ११८, ११३, १०९. मध्येच एकदा १२४, पण त्या दिवशी खरंच सूर्य फार होता. मग १०६, १०४.

आणि गेल्या शुक्रवारी मी अठराव्या ग्रीनवर पोचलो, तेव्हा ९७ झाले होते. व्याही खोकला दाबून निळे पडले होते. वीस फुटांवरून पहिला पट मारला, तो वीतभर अलीकडे थांबला. दुसरा आत. ९९! व्याह्यांनी चक्क सलाम ठोकला. मामांनी खिशातले खडे न मोजताच फेकून दिले. मी घरी फोन लावला, आईनं उचलला. "आई, नव्व्याण्णव!" पलीकडे थोडी शांतता. "अरेरे," आई म्हणाली, "एकासाठी घाई केलीस होय रे?"

मग आम्ही चहा मागवला आणि तिथेच घात झाला. ताळा जुळला नाही की इतर अधिकारी अस्वस्थ होतात. मी जुळला की व्हायचो. चहा येईपर्यंत मी कार्ड काढून एकेक होल पुन्हा आठवू लागलो. सातव्या होलवर सहा लिहिले होते. टीवरून मारलेला तळ्यात, तो एक. त्यानंतर नवा चेंडू टाकून मारलेला आखूड पडला, पुढचा ग्रीनवर, मग तीन पट. झाले सहा. आणि तळ्याच्या दंडाचा एक?

"जाऊ द्या हो," व्याही म्हणाले. "तळ्यातलं तळ्यात राहू द्या."

मामा आभाळाकडे बघत होते.

मला असं 'जाऊ द्या हो' म्हणणारी माणसं चौतीस वर्षांत पुष्कळ भेटली होती. त्यांतल्या तिघांवर मी अहवाल लिहिले होते. सहाचे सात केले, शेजारी सही केली. एकूण १००. शेऱ्याच्या रकान्यात टिटवी लिहिली. तळ्याच्या काठी ती होती, हे मामाही नाकारणार नाहीत.

घरी आलो तर आई दारातच उभी. "नव्व्याण्णव नाही आई," मी चपला काढत म्हणालो, "मोजताना चूक झाली होती. शंभर झाले."

आईनं हात जोडले, आत गेली, देवापुढे साखर ठेवली आणि येऊन माझ्यापुढे चिमूट धरली. "तरी मला वाटलंच होतं. अंपायरचं काहीतरी चुकलंय."

मी हात पुढे केला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अर्धीच घ्या."