जिप्सम टाकलं म्हणून प्रत्येक क्षारपड रान सुधारत नाही

‘एकरी दोन टन जिप्सम फेका, क्षारपड जमीन एका हंगामात सुधारेल’ हा मेसेज वाळवा, पलूस, मिरज भागात फिरतोय. तो अर्धवट आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं खनिज; त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम सोडवतो, म्हणून ते चोपण जमिनीचं औषध: म्हणजे जिचा सामू (pH) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (कणांना चिकटलेला, बदलता येणारा) सोडियम १५ टक्क्यांहून जास्त. नुसत्या क्षारयुक्त, म्हणजे विरघळलेले क्षार जास्त पण चिकटलेला सोडियम कमी असलेल्या रानात ते आणखी एक मीठच. शिवाय सुटलेला सोडियम जाणार कुठे? निचरा नसेल तर पाणी वर चढतं, उडून जातं, क्षारांचा पांढरा थर परत येतो. म्हणून आधी सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा, मग माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम वरच्या १५-२० सेंमी थरात मिसळणं, मग गोडं पाणी साठवून धुणं. पाइपचं तोंड ओढ्याच्या पाण्याखाली गेलं, तर निचरा तुंबतो.